सायकल, थंडी आणि ओले मोजे

मागच्या जानेवारीत आंतरहाउस क्रॉसकंट्री झाली तेव्हा मी मैदानाच्या कडेला चपला घालून उभा होतो. आमच्या हाउसच्या संघात माझे नाव होते, बिब नंबरही मिळाला होता. पण सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्याच पीटीला उजव्या पायाच्या बोटांत सुरी फिरवल्यासारखी आग झाली. एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटांनी बोटे फाकवून पाहिली. करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलली होती आणि खालचे लाल मांस दिसत होते.

"चिखल्या झाल्यात," ते म्हणाले. "ऐन हिवाळ्यात कुठे भातलावणीला गेला होतास का?"

भातलावणी नाही, मी बंगळुरूत सायकल चालवली होती. दोन आठवडे बूट बंद, धावणे बंद. माझ्या जागी जो धावला त्याला तयारीला पाच दिवस मिळाले. तो बिचारा जीव तोडून धावला, पण आमचे हाउस मागे पडले. मला कोणी काही बोलले नाही. तेच जास्त लागले. त्या दोन आठवड्यांत पाय का बिघडतात हे मी वाचायला आणि विचारायला लागलो आणि या वर्षीच्या सुट्टीत ते करूनही पाहिले. हा लेख त्याचाच आहे.

आमचे घर चामराजपेटेत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाने १८९२ साली वसवलेली ही वस्ती. सरळ रेघेत मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस, त्यामुळे पत्ता शोधायला सोपी आणि पेपर टाकायला त्याहून सोपी. बाबांची वर्तमानपत्रांची एजन्सी आहे. पहाटे साडेचारला गठ्ठे येतात. बंद शटरांसमोर फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या आणि पाचच्या सुमारास प्रत्येकाने आपापली लाइन घेऊन निघायचे. हिवाळ्यात आमच्याकडचा एखादा माणूस गावी गेला की त्याची लाइन माझ्याकडे येते. दीड तासाचे काम.

हे सांगितले की उत्तरेकडचे मित्र हसतात. "बंगळुरूत कसली आलीय थंडी?" त्यांचे चूक नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे साधारण पंधरा-सोळा अंश असतात. शहराचा नीचांक ७.८ अंशांचा, आणि तोही १३ जानेवारी १८८४ चा. गोठून जावे अशी ही थंडी नव्हे. मीही हेच धरून चाललो होतो, म्हणून पायांकडे पाहिलेच नाही.

पण पहाटेच्या चामराजपेटेत रस्ता कोरडा कधीच नसतो. धुके असते, कधी रात्रीची भुरभुर असते. दोन्ही नसले तरी दारोदारी सडा असतो. रांगोळी काढण्याआधी बाया घरापुढचा रस्ता बादलीभर पाण्याने धुतात, ते पाणी उतारावरून खाली येते. के. आर. मार्केटच्या बाजूला गेलात तर फुलांवर मारलेले पाणी, सडलेल्या पाकळ्या आणि केळीची पाने यांचा रबडा. माझी सायकल गिअरची, दिसायला झोकदार, आणि तिला मडगार्ड नव्हते. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उचलते आणि ते मागे येऊन नेमके पायावर पडते. पहिल्या दोन क्रॉसमध्येच माझे कॅनव्हासचे बूट भिजायचे. त्यात थंडी वाजते म्हणून मी सुती मोज्यांचे दोन जोड घालत होतो. बूट आदल्या वर्षीचे होते, आणि वर्षभरात माझा पाय वाढला होता. लाइन संपली की मी ओल्याच बुटांत पुरवण्यांचा हिशेब करायचो, नाष्टा करायचो, कधी कधी तसाच झोपूनही जायचो. दुसऱ्या दिवशी तेच ओलसर बूट.

आता यात काय काय चुकले ते पाहू.

हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे हे आपण शिकलो आहोत. मोजा ऊब देतो तो त्याच्या धाग्यांमुळे तितका नाही, जितका धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. मोजा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते. एवढ्यावर थांबत नाही. ओल्या मोज्यातले पाणी वाफ होत राहते आणि वाफ होण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा पायातूनच घेते. माठातले पाणी गार होते ते असेच. ओले बूट घालून सायकल चालवणे म्हणजे पाय माठात ठेवून वारा घालण्यासारखे आहे. वारा तर असतोच. ताशी वीस किलोमीटरने चाललात तर झाडाचे पान हलत नसले तरी तुमच्या बोटांना ताशी वीस किलोमीटरचा वारा लागतो.

मग पळताना पाय का गारठत नाहीत? धावताना पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत वाकते, बोटे दाबली जातात आणि सुटतात, रक्त ढकलले जाते. सायकलवर मांड्या-पोटऱ्या काम करतात, पण बुटाच्या आतले पाऊल जवळजवळ स्थिर असते. चवड्याचा एकच भाग पेडलवर तासभर दाबलेला राहतो. शिवाय अंग गार पडायला लागले की शरीर हृदय, फुप्फुसे वगैरे आतले अवयव सांभाळण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. म्हणजे पायाला ऊब पुरवणारी एकच गोष्ट, रक्त, तीच कमी होते. आणि मी काय केले होते? आखूड बुटात दोन मोजे कोंबून, वर नाडी करकचून बांधून राहिलेला रस्ताही बंद केला होता. मोजे जितके जास्त तितकी ऊब जास्त, हा हिशेब बुटात जागा असेल तरच खरा ठरतो.

घामाचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तळपायाला घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. रस्ता कोरडा असला तरी बंद बुटात पाय आतून भिजतो. सूत तो घाम पिते आणि धरून ठेवते. म्हणून बाहेरचे पाणी अडवून अर्धेच काम होते.

सैन्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. नेपोलियनचे शल्यवैद्य डॉमिनिक लारे यांनी १८१२ च्या रशियातल्या माघारीत ओल आणि थंडीने सैनिकांचे पाय कसे निकामी होतात ते लिहून ठेवले. पहिल्या महायुद्धात खंदकांत गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या सैनिकांना तोच त्रास इतक्या प्रमाणावर झाला की त्याचे नावच 'ट्रेंच फूट' पडले. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या त्या खंदकांत आपले हिंदुस्थानी सैनिकही होते. पाय सुजतो, बधिर होतो, कातडी पांढरी-निळी पडते, आणि दुर्लक्ष झाले तर तो कापावा लागतो. मला सर्वांत धक्का बसला तो या गोष्टीचा की ट्रेंच फूटला बर्फ लागत नाही. पाय बराच वेळ ओला राहिला तर पंधरा-सोळा अंशांनाही तो होऊ शकतो. हे चामराजपेटेतल्या पहाटेचे तापमान झाले! माझ्या चिखल्या म्हणजे ट्रेंच फूट नव्हे, ती बुरशी. पण दोघांनाही राहायला ओला, बंद पाय लागतो.

ब्रिटिश सैन्याने त्यावर शोधलेला उपाय काही यंत्र नव्हते. रोज बूट काढायचे, पाय पुसायचे, कोरडे मोजे घालायचे, आणि आपल्या तुकडीचे पाय नीट आहेत की नाहीत याची जबाबदारी अधिकाऱ्याची. सैन्यात पायांची तपासणी होते तिच्यामागे हा इतिहास आहे. तरीही १९८२ च्या फॉकलंड युद्धात पाणी आत घेणाऱ्या बुटांमुळे अनेक ब्रिटिश सैनिकांचे पाय पुन्हा तसेच झाले. त्या बुटांचे नाव डीएमएस. आपल्या ड्रिलच्या बुटांनाही आपण डीएमएसच म्हणतो, म्हणून हे वाचताना मी माझ्या पलंगाखाली एकदा पाहून घेतले. आणि १९६२ मध्ये आपले कितीतरी जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या उंचीवर लढले, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवे.

यंदा डिसेंबरात राणी चन्नम्मा एक्सप्रेसने घरी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे कामांची यादी होती. पहिले काम मडगार्डचे. आमच्याकडे सर्वांत जुने पेपर टाकणारे आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची सायकल काळी, जड, चेनकव्हरवाली. मागच्या वर्षी मी मनात तिला हसलो होतो. तिच्या पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची पट्टी लोंबते आणि चाकाने उडवलेले पाणी त्या पट्टीवर आपटून खाली पडते. मी दोन्ही चाकांना प्लास्टिकची मडगार्ड बसवून घेतली, पण पुढचे फारच आखूड निघाले. पाणी त्याच्या खालून बुटापर्यंत येतच होते. अण्णांनी पंक्चरच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली, तिचा वीतभर तुकडा कापला, दोन भोके पाडली आणि तारेने मडगार्डला बांधला. पट्टी जमिनीपासून चार बोटे वर राहिली. रस्त्याचे पाणी त्या दिवशी जवळजवळ संपले. पायांसाठी मी जे काही केले त्यात सर्वांत स्वस्त हेच आणि सर्वांत उपयोगी हेच.

दुसरे काम बुटांचे. आईला सांगून एक नंबर मोठे घेतले. आत बोटे हलवता आली पाहिजेत, मोजा घातल्यावरही. आजीकडे एक जुनी, कसर लागलेली घोंगडी होती. तिच्या न खाल्लेल्या भागातून पावलाच्या मापाचे दोन तुकडे कापून बुटात तळाशी घातले. (आजी आधी रागावली, मग तिनेच कडा शिवून दिल्या.) पेडल लोखंडी असते आणि तळव्यातली ऊब तिकडून खेचून घेते; घोंगडीचा जाड थर मध्ये आला की ते थांबते. लोकरीचा आणखी एक गुण आहे. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी सुतासारखी चिकटून बसत नाही. मोजेही पातळ लोकरीचे घेतले, एकच जोड.

प्लास्टिकच्या पिशवीचा प्रयोग मी मुद्दाम केला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन घेतल्या आणि चार दिवस फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर, मोजा आणि बूट यांच्या मध्ये, पिशवी चढवली. उजवा पाय तसाच. पहिल्या अर्ध्या तासात डावा पाय स्पष्टपणे गरम. वारा आत येतच नाही. पण दीड तासाने बूट काढला तेव्हा डावा मोजा पिळता येईल इतका ओला, उजवा जेमतेम दमट. तेव्हा थोड्या अंतरासाठी, पावसात, पिशवी चांगली. तासाच्या वर नको, आणि उतरल्या उतरल्या काढायची.

पेपरवाल्याच्या घरात वाळवणाची सोय फुकट असते. भिजलेल्या बुटातले तळवे बाहेर काढायचे, बुटात रद्दीचे बोळे सैल भरायचे, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे घालायचे. तीन-चार वेळा केले की दुसऱ्या पहाटेपर्यंत बूट कोरडा. बोळे घट्ट कोंबले तर हवा खेळत नाही. बूट शेगडीजवळ किंवा हीटरपाशी कधी ठेवू नका. डिंक सुटतो, चामडे तडकते. आपल्या बॅरकमध्येही हे करता येईल, रीडिंग रूममधला जुना पेपर मागून घ्या. आजचा नको.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मामा, मामेभाऊ आणि मी नंदी हिल्सला गेलो. बंगळुरूचे सायकलवाले हिवाळ्यात पहाटे तिथे चढायला जातात. सायकली ओळखीच्या टेम्पोतून पायथ्यापर्यंत नेल्या, पुढे सात-आठ किलोमीटरचा वळणावळणांचा चढ. बंगळुरू सुमारे ९२० मीटरवर, नंदीचा माथा १,४७८ मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा हिशेब लावला तर वर साडेतीन अंश कमी. त्यात धुके इतके की समोरचा दिवा दिसेना.

चढताना कोणालाच थंडी वाजली नाही. उलट माथ्यावर पोहोचलो तेव्हा आम्ही घामाने निथळत होतो आणि मोजे चिंब. खरा प्रश्न उताराचा असतो हे मला गणितावरून कळले होते. उतरताना पेडल मारायचे नाही, म्हणजे अंगात ऊब तयार होत नाही; वेग दुप्पट, म्हणजे वारा दुप्पट; आणि मोजे ओले. मी दगडावर बसून बूट काढले, पंचाने बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि पिशवीतून कोरडे मोजे काढून घातले. मामांनीही तेच केले. मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. "तुझी परेड शाळेत कर," म्हणाला आणि निघाला.

अर्ध्या उतारावर मामांनी थांबायला सांगितले. त्याने ब्रेक लावला, सायकल थांबली, पाय खाली टेकला, आणि तो सरळ आडवा झाला. पाय जमिनीला लागला हे त्याला कळलेच नव्हते. घोटा मुरगळला, कोपर खरचटले. वेग नव्हता म्हणून एवढ्यावर भागले. पुढच्या वळणाला कठडा होता आणि त्याच्या पलीकडे नुसते धुके. आम्ही तिघेही तिकडे एकदाच पाहिले.

त्याचे बूट काढले तर बोटे मेणासारखी पांढरी. खाली चहाच्या टपरीवर शेगडी पेटलेली दिसत होती, त्याला पाय तिच्यावर धरायचा होता. मी धरू दिला नाही. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. चोळायलाही नाही म्हटले. पूर्वी सैन्यात चोळत असत, पण गारठलेल्या कातडीला चोळण्याने इजा होते असे आता शिकवतात. पाय पुसले, मामांच्या टोपीत गुंडाळले आणि मी ते माझ्या जर्किनच्या आत पोटाशी धरून बसलो. गार इतके की मलाच हुडहुडी भरली. पाच-सात मिनिटांनी त्याला मुंग्या यायला लागल्या, मग दुखायला लागले आणि तो ओरडला. तेव्हा मामा पहिल्यांदा हसले. बाकीचा उतार आम्ही सायकली हातात धरून, त्याचा मुरगळलेला पाय सांभाळत, चालत उतरलो.

घरी आल्यावर मी अण्णांना हे सगळे सांगितले. अण्णा हिवाळा-पावसाळा चपलाच घालतात. त्यांचे पाय रोज भिजतात, माझ्यापेक्षा जास्त. तरी त्यांना चिखल्या कधी झालेल्या नाहीत. मी विचारले, कसे? ते काही बोलले नाहीत. लाइन संपवून आलेच होते. पायरीवर बसले, खांद्यावरचा पंचा काढला आणि प्रत्येक बोट वेगळे धरून, बेचकीत पंचाचे टोक घालून, सावकाश पुसायला लागले. एका पायाला चांगली दोन मिनिटे. मग दोन्ही पाय उन्हात पसरून चहा मागवला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना लोकरी मोज्यांचा एक जोड दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि सायकलच्या पिशवीत ठेवला. बाबा फोनवर सांगतात, अजून तिथेच आहे.

यंदाच्या क्रॉसकंट्रीच्या यादीत माझे नाव पुन्हा लागले आहे. काल रात्री हाउसमध्ये पाय तपासणी झाली. सातवीतल्या दोन मुलांच्या बेचक्या पांढऱ्या निघाल्या. त्यांना आज सकाळी एमआय रूममध्ये घेऊन गेलो आणि त्यांच्या बुटांत रद्दी भरून खिडकीत ठेवली आहे. एकाने बोळे फार घट्ट भरले होते, ते काढून परत भरायला लावले.